मामाजींना दिल्लीला धरून नेल्याचा खुलासा

राजमान्य राजेश्री व्याहीबुवा नथ्थूजीभाऊ, मुक्काम कुरखेडा, यांस रामदेवचा दोन्ही हात जोडून रामराम. विहीणबाईंनाही आमचा नमस्कार सांगावा. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. (ही ओळ नुसती रिवाज म्हणून लिहिलेली नाही, पुरावा म्हणून लिहिली आहे.) आपले गुडघे आता कसे आहेत? उन्हाळ्यात तेंदूपत्त्यासाठी फार वाकलात, असं कानावर आलं. आमचे धानाचे रोवणे आटोपले. पाणी बरं आहे, म्हैस व्यायली, आणि मला कोणीही धरून नेलेलं नाही.

परवा आपला फोन आला. "तुमच्या घरी माही पोरगी आता एक दिवस ठेवत नाई, येऊन घेऊन जातो," एवढं बोलून आपण तो ठेवलात. उलट फोन करावा तर आमच्याकडे रेंज फक्त तलावाच्या पाळीवर मिळते, आणि पाळीवर शेजारची भागीरथा दिवसभर कपडे धूत असते. तिच्याकडे इतके कपडे कुठून येतात ते मला आजवर कळलेलं नाही. आपल्या कानापर्यंत जे पोचलं ते तिच्याच तोंडून निघालेलं, म्हणून तोच खुलासा पुन्हा तिच्यासमोर ओरडून करणं मला बरं वाटलं नाही. हे पत्र कुरखेड्याच्या जीपवाल्याच्या हाती देतो आहे. बसून, सावकाश, शक्यतो जेवण झाल्यावर वाचावं.

आपण ऐकलंत ते असं, की आपले जावई महादेवराव नोकरीला असतात त्या राजुऱ्याकडे त्यांना एक मुलगा आहे. तो इथं आला तेव्हा मी त्याला पकडून कोंडलं. मी धानाच्या जागी मिठाची पोती भरून ठेवली. आणि शेवटी दिल्लीहून माणसं येऊन मला घेऊन गेली. भाऊ, राजुरा सोडलं तर यातलं एकही खोटं नाही. फक्त या सगळ्याला सातशे वर्षं होऊन गेली आहेत. आता मुळापासून सांगतो.

दिव्यानी सून म्हणून आली तेव्हा लग्नाच्या बैठकीत आपण म्हणाला होतात, पोरगी बी.ए. आहे, पुढं शिकेल, शब्द द्या. मी शब्द दिला. सासू म्हणून रुखमाबाईला कोणी विचारलं नाही. पुढं सुनेनं ब्रह्मपुरीच्या कॉलेजात इतिहासात एम.ए. करायचं काढलं, तेही मध्ययुगीन, तेव्हा रुखमाबाई म्हणाली, "एकटी सून काळी-पिवळी जीपीत बसून रोज बाजारगावाले जाईन? अन् लोकं काय शेण खाऊन राह्यले का?" मग तोड निघाली ती अशी, की मीही एम.ए. करायचं. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो होतो, तरुणपणीची बी.ए. पेटीत पडून होती, नापास झालो तरी कोणाचं अडत नव्हतं. (अडलं. ते पुढं येईल.) त्यावर रुखमाबाईनं सुनेला अटी घातल्या: डोक्यावर पदर, सासऱ्याबरोबरीनं आसनावर बसायचं नाही, आणि सासऱ्याचं नि नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, सासऱ्याला मामाजीच म्हणायचं. तिनं स्वतः हे सगळं जन्मभर पाळलं आहे. आमच्या मतदार यादीवाल्याला ती माझं नाव अजून शेजाऱ्याकडून सांगवते.

वर्गात पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. मी पहिल्या बाकावर बसलो, म्हणून सून उभी राहिली. मी मागं गेलो तर तिची पाठ सासऱ्याकडे होते, म्हणून ती परत उभी. सर म्हणाले, बसा. ती बसेना. सरांना वाटलं, एखादी मागणी आहे. त्यांनी प्राचार्यांना बोलावलं. शेवटी वर्गाच्या मधोमध छताला आधार देणारा एक जाड खांब होता, त्याच्यामागं माझं बाक सरकवलं. दिसत नाही तो सासरा नाही, असा निवाडा झाला. सून बसली. मी मात्र दोन वर्षं त्या खांबाआड काढली. तिथून फळ्याचा डावा अर्धा भागच दिसायचा, आणि सरांना राजाचं नाव डावीकडे आणि साल उजवीकडे लिहायची सवय होती. त्यामुळे मला मध्ययुगातले सगळे राजे माहीत आहेत, पण ते कधी झाले याबद्दल मी काहीही सांगू शकत नाही. मनातल्या मनात मी सगळ्यांना एकाच गाडीत बसवलं आहे.

तिसरी अट निरुपद्रवी वाटली होती. पण देवगिरीच्या यादवांचा धडा आला आणि घरावर संकट आलं. कारण त्या घराण्यात कृष्णदेवानंतर गादीवर आला तो त्याचा भाऊ महादेव, आणि पुढं जो नावाजला तो रामदेवराव. म्हणजे एक आपले जावई आणि एक मी. (आमच्या घरात मी बाप आणि महादेव मुलगा; त्यांच्यात महादेव काका आणि रामदेव पुतण्या. एवढाच फरक. बाकी दोघांचं आपसात तिथंही फारसं पटत नव्हतं.) कागदावर सून नावं बिनधास्त लिहायची, कारण रुखमाबाईनं बोलायला बंदी केली होती, लिहायला नाही. प्रश्न आला तोंडी परीक्षेला.

त्या खोलीत खांब नव्हता. वेळ कमी, म्हणून दोघादोघांना एकदम आत घेत होते. मी खुर्चीवर, सून उभी. नागपूरहून परीक्षक म्हणून एक बाई आल्या होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी तिला विचारलं, कृष्णदेवानंतर कोण? सून म्हणाली, "हे." बाई म्हणाल्या, हे म्हणजे कोण? सून म्हणाली, "आमचे हे." बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या आणि विचारलं, बरं, दिल्लीच्या फौजेपुढं शरण कोण गेलं? सून लाजली, पदर पुढं ओढला आणि हलकेच म्हणाली, "मामाजी." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मला खरोखर हरल्यासारखं वाटलं.

आमच्या सरांनी मग बाईंच्या कानात सगळा प्रकार सांगितला. मला वाटलं, आता दोन वर्षं पाण्यात गेली. पण बाई खुर्चीत रेलून बसल्या आणि म्हणाल्या, मग उखाण्यात घे, उखाण्यात चालतं ना? आणि भाऊ, तुमच्या पोरीनं श्वाससुद्धा न घेता म्हटलं:

हेमाडपंती देवळाला चुना ना माती,
महादेवराव बसले कृष्णदेवांच्या गादीवरती.

देवळाची बांधणी, राजाचं नाव, कोणामागून कोण, सगळं दोन ओळींत. बाईंनी टेबलावर हात मारला. सासऱ्यासाठी उखाण्याची सोय नसल्यामुळे मी शेवटपर्यंत मामाजीच राहिलो, पण मार्क तिला सगळ्यांत जास्त पडले. बाहेर निघताना मी डोळे पुसत होतो. जीपवाल्याला वाटलं, म्हातारा नापास झाला. त्याचंही बरोबर होतं. मला बाईंनी साल विचारलं होतं.

निकाल लागला. दिव्यानी कॉलेजात पहिली. मी दोन विषयांत राहिलो. बाईंचा सरांना निरोप आला, त्या मुलीला पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेला बसवा, नागपूरला होस्टेलची सोय मी बघते. आणि इथं माझ्या नापास होण्यानं अडलं. पास झालो असतो तर मीसुद्धा पीएच.डी.ला बसलो असतो आणि नागपुरात एखादा खांब शोधला असता. रुखमाबाईनं तांदूळ निवडता निवडता एकच सांगितलं, "सासरा संगं नाई, तं सून बी नाई." उखाण्याची हकिगत मी तिला रंगवून सांगितली होती. ती निवडलेले तांदूळ पुन्हा सुपात ओतून निवडायला बसली.

तरीही सुनेनं अभ्यास सोडला नाही. जायचं ठरलेलं नसताना रोज सकाळी अंगण सारवताना मोठ्यानं पाठ करते, आणि अटी पाळूनच करते. मागच्या आठवड्यात भागीरथा कुंपणापलीकडे उभी होती. तिच्या कानावर पडलं ते शब्दशः असं: "यांच्या मागून यांचा पोरगा आला. मामाजीनं त्याले धरून कोंडलं अन् कारभार आपल्या हाती घेतला. मंग मामाजीनं धानाचे पोते समजून मिठाचे पोते किल्ल्यात भरून ठेवले. मंग दिल्लीचे लोकं आले अन् मामाजीले घेऊन गेले." भाऊ, रामदेवरावाला दिल्लीत मोठ्या मानानं वागवलं आणि किताब देऊन परत पाठवलं, हे पुढचं वाक्य. तेवढं ऐकायला भागीरथा थांबली नाही. ती पाळीवर पोचली होती.

दुपारपर्यंत गावात महादेवला मुलगा झाला. संध्याकाळपर्यंत तो चार वर्षांचा झाला आणि आमच्या कोठीत कोंडला गेला. दोन बाया त्याला खाऊ घेऊन आल्या आणि कोठीच्या फटीतून चिवडा टाकून गेल्या. धान खरेदी केंद्रावरच्या माणसानं माझ्या उन्हाळी धानाच्या एकेका पोत्यात सळई खुपसली आणि दाणे चाटून पाहिले. आणि मी स्वतः चौकात पानठेल्यावर उभा असताना एकानं माझ्याचजवळ हळहळ व्यक्त केली, की रामदेवभाऊले दिल्लीवाल्यानं नेलं, माणूस चांगला होता. मी म्हटलं, मी इथं आहे. तो म्हणाला, "सोडलं का मंग?"

तेव्हा व्याहीबुवा, आपली मुलगी आमच्या घरी सुखात आहे, जावई निष्कलंक आहेत, आणि कोठीत चिवड्याशिवाय काही नाही. आपण राग सोडावा आणि इकडे येण्याची तसदी घेऊ नये, ही हात जोडून विनंती. कळावे, लोभ आहे तो मिठाच्या पोत्यांनी कमी होऊ नये.

आपला सोयरा,
रामदेव

ता. क. वरचं सगळं रुखमाबाईनं वाचायला सांगितलं तर वाचता यावं म्हणून लिहिलं आहे. आता खरं लिहितो. भाऊ, या. रागावूनच या. गाडी घेऊन या आणि अंगणात उभं राहून मोठ्यानं म्हणा, की माझ्या पोरीला नेतो. रागावलेल्या बापाला पोरगी नेऊ देण्यात सासूचा कमीपणा नसतो. सुनेला होस्टेलात ठेवण्यात तो असतो. गावात सगळे समजतील ती माहेरी गेली, आणि तुम्ही तिला वडसा मार्गे थेट नागपूरला सोडा. परीक्षा पंधरवड्यावर आली आहे. बाईंचा पत्ता सुनेकडे आहे. रिवाजाप्रमाणे मनधरणीला आम्ही यायचं, ते मी पुढं ढकलत राहीन. पीएच.डी.ला चार वर्षं लागतात म्हणे. इतकं रुसून राहणं आपल्याला जड जाईल, पण दोघं मिळून निभावू. महादेवला सगळं माहीत आहे. तो म्हणाला, "मी राजुऱ्याले, थे नागपूरले, रविवारी भेटू, त्यात काय हाय?" मी लग्नात शब्द दिला होता, आणि खांबाआड बसून तो पाळता येईल तेवढा पाळला. यापुढं माझ्याच्यानं होत नाही.

ता. क. दुसरा. भांडताना काय हवं ते बोला, फक्त मिठाचा विषय काढू नका. केंद्रावर अजून माझी दोन पोती तपासायची राहिली आहेत.

ता. क. तिसरा. पत्र बंद करणार होतो तर रुखमाबाई येऊन समोर बसली. म्हणाली, नावाच्या खाली येवढं काय लिवून राह्यले, तेच वाचा. वाचावं लागलं. मी घाबरत घाबरत वाचलं. ती म्हणाली, "सोमवारी नको म्हणा. सोमवारी भागीरथा भावाकडे जाते. कोणी पाह्यलंच नाई तं राग कायचा? मंगळवारी या म्हणा. कोंबडा कापते. जेवून मंग भांडा म्हणा." सुनेची बॅग तिनं परवाच भरून ठेवली आहे, लोणच्याच्या बरणीसकट, मला आज दाखवली. मी विचारलं, मग इतके दिवस नाही का म्हणत होतीस? तर म्हणे, "पोरीले सांगजा, तिथं कोणी विचारलं तं नाव घे म्हणावं, सरळ. मी घेतलं नाई, कारण मले कधी कोणी काही विचारलंच नाई."

मग उठून चुलीपाशी गेली, आणि माझ्याकडे पाठ करून तिनं एकदा माझं नाव घेतलं. मी ओ दिली नाही. तिनं मला हाक मारली नव्हती, नुसतं घेऊन पाहिलं होतं.