समुद्रातली गल्ली

बाई, तुम्ही नकाशावर काढलेली गल्ली तिथे नाहीच, असं आता म्हणतायत. म्हणणारी परकी असती तर भांडले असते. पण ती माझीच विद्यार्थिनी आहे आणि तिचं काम चोख आहे, त्यामुळे रागवायचीही सोय नाही. सौराष्ट्राच्या किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्याखाली गेलेल्या ज्या वस्तीला तुम्ही जन्मभर शहर म्हणालात, तिचा नवा नकाशा तुमच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत छापायचा आहे. त्या काळी खाली उतरलेल्यांपैकी आता मी एकटीच उरले, म्हणून त्यावर माझी सही हवी. गल्ली ठेवायची की काढायची, हे मी सांगायचं. मला काही सुचत नाही. अडलं की तुम्हाला विचारायचं ही सवय तुम्ही गेल्यावरही सुटलेली नाही, म्हणून इथे विश्रांतवाडीच्या घरात, जेवणाची भांडी बाजूला सारून टेबलाशी बसले आहे.

पुण्यात समुद्र सोडून सगळं आहे, असं तुमचे यजमान म्हणायचे, आणि आमच्या हिला नेमका तोच लागतो, असं पुढे जोडायचे. तुम्हाला पोहता येत नव्हतं. होडीत पाय ठेवला की तोंडात आलेपाक, आणि तरी उलटी काही चुकायची नाही. मला तुम्ही निवडलंत ते मार्कांमुळे नव्हे, मी मामाच्या विहिरीत पोहायला शिकले होते म्हणून, आणि ते तुम्ही मला तोंडावर सांगितलंही होतं. समुद्राचा तळ तुम्ही कधी पाहिला नाहीत. आम्ही खाली जायचो, वर यायचो, आणि तुम्ही मांडीवरच्या फळीला कागद लावून बसलेल्या असायच्या. वर आलेल्यानं दुसऱ्या कुणाशी बोलण्याआधी, चहाआधी, अंग पुसण्याआधी तुम्हाला सांगायचं, असा नियम होता. तेही आधी हाताला काय लागलं ते. डोळ्यांना काय दिसलं ते नंतर. त्या गढूळ पाण्यात स्वतःचा पंजा दिसला तरी नशीब समजायचं. पहिल्याच दिवशी मी म्हणाले, "बाई, भिंत असावी." तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. "'असावी' हे जन्मपत्रिकेत चालतं, नकाशात नाही. परत जा आणि हात लावून ये." मी कुडकुडत परत गेले. मनातल्या मनात तुम्हाला काय काय म्हणाले, ते इथे लिहीत नाही.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही किनाऱ्याच्या बाजूनं उतरलो. भिंत माझ्या उजव्या हाताला लागली. घडीव दगड होते, एकमेकांत खाच घालून बसवलेले. जागेची खूण म्हणून बांधलेलं तरंगतं पिंप पावसाळ्यात कुणाच्या तरी जाळ्याबरोबर गेलं. पुढच्या हिवाळ्यात नावाड्यानं देवळाचा कळस आणि दीपगृह एका रेषेत धरून जागा काढून दिली. त्या खेपेला आम्ही समुद्राच्या बाजूनं उतरलो आणि भिंत डाव्या हाताला लागली. तुमच्या कागदावर ती पहिल्या भिंतीच्या समोर जाऊन बसली, मधे बैलगाडी जाईल एवढी जागा सोडून. तुम्ही बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे बघत होतात. मग म्हणालात, "एकटी भिंत बंधाऱ्याची असेल, धक्क्याची असेल. समोरासमोर दोन भिंती म्हणजे मधे वाट. आणि वाट आहे म्हणजे माणसं जात-येत होती." तुमचं शहर त्या वाटेवर उभं राहिलं. बाकीचे चौथरे, पायऱ्या, होड्यांच्या नांगराचे दगड सगळं नंतर तिच्या आजूबाजूला आलं.

तिसऱ्या हिवाळ्यात तुम्ही मला फक्त गल्ली ओलांडायला पाठवलंत. तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. मी खाली आहे. उजवा हात दगडावर आहे, खाचेत बोट आहे. मी भिंत सोडते. पुढे नुसता हिरवट अंधार, खाली वाळू. भिंत सोडली की वर कुठे आणि खाली कुठे एवढंच कळतं, बाकी दिशा संपतात. थोडे हात मारते, वाळूत चाचपते, शंखाच्या बांगडीचा एक तुकडा हाताला लागतो, तो मुठीत धरते, आणखी पुढे जाते, आणि बोटांना दगड लागतो. तशीच खाच, तशीच कड. मी वर आले ती हसत आणि रडत. "ओलांडली, बाई, गल्ली ओलांडली." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, कागदाकडे पाहिलंत, आणि म्हणालात, "बरं. चहा घे." एरवी तुम्ही उलटसुलट प्रश्न विचारून जीव नकोसा करायच्या. त्या दिवशी एकही प्रश्न नाही. मला वाटलं, अखेर बाईंचा माझ्यावर विश्वास बसला. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

तो बांगडीचा तुकडा नंतर तुमच्या कसब्यातल्या स्वयंपाकघरात होता. समुद्रातून काढलेल्या वस्तूतलं मीठ निघेपर्यंत ती गोड्या पाण्यात ठेवायची, पाणी बदलत राहायचं, नाहीतर सुकताना ती भुगा होते. तुमच्या ओट्याखाली बादल्याच बादल्या. तुम्ही पोळी लाटता लाटता एखादीत बोट बुडवून जिभेला लावायच्या आणि "अजून आहे" म्हणायच्या. यजमान आतून ओरडायचे, "खारट काय ते बादलीत. आमटी अळणीच." त्याच ओट्याशी उभं राहून तुम्ही मला नकाशा काढायला शिकवलंत. मी एका कोपऱ्यात तुटक रेघ काढली होती, खात्री नाही हे दाखवायला. तुम्ही ती खोडलीत. "तुटक रेघ म्हणजे सांगायची लाज वाटते आणि सोडवतही नाही. काहीतरी एक ठरव."

आता माझी विद्यार्थिनी. ती पुण्याजवळच्या मांजरी गावची, घरी ऊस. फोनवर वडिलांशी "व्हय अण्णा, हाय मी डिपार्टमेंटलाच, जेवले" असं बोलते आणि वळून माझ्याशी "मॅडम, डेटा क्लिअर आहे" असं बोलते. ती पाण्यात उतरत नाही. बोटीमागून एक यंत्र ओढत नेतात, ते आवाज सोडतं, तळावरून तो परत येतो आणि त्याचं चित्र उमटतं. गेल्या महिन्यात तिनं ते चित्र मला दाखवलं. "एकच वॉल आहे, मॅडम. बोटीचा रूट बदलून बदलून बघितला. मला वाटतं, तुम्ही दोन वर्षं दोन साइडनी तीच वॉल टच केली. पोझिशन थोडी सरकली, म्हणून पेपरवर दोन झाल्या."

"आणि मी ओलांडली ती?"

"गढूळ पाण्यात माणूस गोल फिरतो, मॅडम. त्याला कळतसुद्धा नाही."

बांगडीचं विचारलं, तर म्हणाली, प्रवाहाबरोबर काहीही येतं. मग माझा चेहरा बघून हळूच म्हणाली, "तुम्ही म्हणत असाल तर डॉटेड लाइन ठेवू." मी नको म्हणाले. तिला वाटलं मी चिडले. मी चिडले नव्हते, बाई, मी पार गोंधळले होते. तिचं म्हणणं मला पटतं. वीज गेल्यावर मेणबत्ती शोधणारा माणूस फिरून त्याच कपाटाशी येतो, तसं झालं असेल. पण माझ्या हाताला ते पटत नाही. माझ्या आठवणीत दोन भिंती आहेत. मात्र इतकी वर्षं मी तो प्रसंग वर्गात सांगत आले, तुमचा नकाशा समोर ठेवून, तेव्हा त्यातलं हाताचं किती आणि नकाशाचं किती, हे आता वेगळं काढता येत नाही.

म्हणून परवा तुमच्या यजमानांना भेटायला कसब्यात गेले. त्यांना आता ऐकू कमी येतं, बोलणं तसंच आहे. मी विचारलं, बाईंना त्या गल्लीबद्दल कधी शंका आली होती का.

"शंका? अगं, भाजीत मीठ घातलं का, याची तिला रोज शंका. समुद्रातल्या गल्लीचं मला काय सांगणार? मला ती ह्या कसब्यातल्या गल्लीतसुद्धा चुकवायची."

मी हसले, चहा घेतला, उठले. चपला घालत होते तेव्हा ते मागून म्हणाले, "एकदा म्हणाली होती मात्र. म्हणाली, ती पोरगी इतकी खूश होऊन वर आली, की मला पुढे विचारवेना."

"म्हणजे काय, काका?"

"म्हणजे काय ते मला काय ठाऊक? मी बँकेतला माणूस. तिनं दिवा मालवला आणि झोपली."

तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. तुम्हाला शंका होती का? होती, तर माझ्या हसण्यापायी तुम्ही ती गिळलीत, आणि एवढं शहर त्यावर उभं केलंत? तुम्ही, ज्यांनी मला एका 'असावी'साठी गार पाण्यात परत पाठवलं? की तुम्ही नुसतंच बायका नवऱ्याला सांगतात तसं काहीतरी सांगितलंत आणि त्यात काही नव्हतं? मला तुमचा राग येतो, मग लगेच तुमची फार आठवण येते, मग पुन्हा राग येतो. माझ्यावर इतकी माया तुम्ही कधी बोलून दाखवली नाहीत, आणि दाखवायला हीच जागा सापडली का, असंही वाटतं.

इथवर लिहिलेला कागद काही दिवस तसाच पडून होता. आज दुपारी मी सही केली. गल्ली काढली. विद्यार्थिनीनं नकाशा गुंडाळून नेला आणि जाताना मला वाकून नमस्कार केला. ते मला नको होतं. नव्या नकाशावर एक भिंत आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना मोकळं पाणी आहे. शहराचं काय करायचं, ते पुढचे लोक ठरवतील. मी केलं ते बरोबर आहे असं माझं डोकं सांगतं, हात मात्र अजून ऐकत नाही.

हा कागद कुठे पाठवायचा प्रश्नच नाही. एवढंच सांगायचं राहिलं की आज तुम्ही हयात असता, तर मी गल्ली ठेवली असती.