खुंटांची मोजणी

७ जानेवारी
पाय मुरगळला! कामाचा पहिलाच दिवस आणि ही तऱ्हा. वरच्या गावाच्या जंगलात मोजणीची दोरी धरून उलटी सरकत होते. पाचोळ्याखाली खड्डा होता, त्यात घोट्यापर्यंत पाय गेला. मामा पोट धरून हसले. "शहरात खड्डे कमी पडले का गं तुला?"

कागदावर काम सोपं आहे. ओढ्याच्या वर एक गाव, खाली एक गाव, दोघांची दोन जंगलं. कोण झाडं कशी वापरतं, कशी राखतं, याची तुलना करायची. प्रत्येक जंगलात वीस चौकोन आखायचे. उभी झाडं मोजायची, तोडलेल्या झाडांचे खुंट मोजायचे. ज्या गावाला कमी गुण, त्याचं जंगल दहा वर्षं कुंपणाआड. सरपणाची काडीसुद्धा आणायची नाही.

आई गेल्यावर मी याच वरच्या गावात वाढले, नववीपर्यंत. आणि मामा इथल्या जंगल समितीचे प्रमुख. हे काम देणाऱ्या वनखात्यातल्या साहेबांना यातलं काही सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलं नाही, हे खरं. पण सांगायला हवं होतं!

१० जानेवारी
वीसही चौकोन झाले. खुंट – शून्य! "आम्ही वाळलेलं तेवढंच आणतो," मामा म्हणाले. ऊर भरून आला. मामी चुलीशी धुरात बसलेली. चुलीत वेडीवाकडी, गाठाळ लाकडं, धड आत सरकत नव्हती. "ही कसली गं?" "जळतात ना? मग झालं तर. जेव तू."

१५ जानेवारी
आता खालचं गाव. मुक्काम सुतारणीकडे. नवरा गेल्यापासून कारखाना तीच चालवते – अंगणात एक छप्पर, दोन रंधे, कुऱ्हाडीच्या दांड्यांची चळत. बाई तिखट आहे.

पहिल्याच चौकोनात एकोणीस खुंट. एकोणीस! मी बोलून गेले, "काही वाटतं की नाही तुम्हाला?" तर म्हणते, "खुंटच आहेत, चोरीचा माल नाही." मग सांगायला लागली – दरवर्षी एकच पट्टा तोडतो, जमिनीलगत, तिरका घाव घालून, म्हणजे पाणी साचत नाही. तीन वर्षं शेळी आत सोडत नाही. मी फॉर्मवर लिहिलं, 'स्थानिकांचा दावा'. आणि पुढच्या चौकोनाकडे निघाले. घाई होती.

२२ जानेवारी
अहवाल गेला. वरचं गाव एक्क्याण्णव, खालचं चौतीस. साहेबांचा फोन – "व्वा! इतका स्वच्छ निकाल पहिल्यांदाच बघतोय."

२४ जानेवारी
चैन नाही. चहा तीनदा केला, तिन्ही वेळा गार झाला. इतका स्वच्छ निकाल कसा लागतो?

२८ जानेवारी
मोजपट्टी राहिली होती म्हणून सुतारणीकडे गेले. म्हणजे, ते निमित्त. तिनं पट्टी दिली आणि म्हणाली, "आलीच आहेस तर चल." सात वर्षांपूर्वी तोडलेल्या पट्ट्यात नेलं. एकेका खुंटाला चार-चार, पाच-पाच फुटवे, सरळसोट, माझ्या दुप्पट उंच. माझ्या फॉर्मवर ही झाडं कुठल्याच रकान्यात नव्हती! खुंट मेलेल्यांत धरले आणि फुटवे झुडपं म्हणून सोडून दिले.

"खुंट ठेवला तर मूळ जितं राहतं," ती म्हणाली. "वरचे लोक खुंट खणून काढतात, चुलीला. विचार की तुझ्या मामाला."

तुझ्या मामाला! म्हणजे पहिल्या दिवसापासून हिला ठाऊक होतं. तरी घरात घेतलं, जेवू घातलं. तोंड लपवायला जागा उरली नाही. परत येताना डोक्यात दोनच गोष्टी – मी पडले तो खड्डा, आणि मामीच्या चुलीतली ती गाठाळ लाकडं.

३० जानेवारी
मामांना सरळ विचारलं. त्यांनीही सरळ सांगितलं, हेच जास्त लागलं.

"तू शिकायला गेलीस त्या वर्षी असाच एक मोजणारा आला होता. खुंट मोजले आणि दोन वर्षं जंगल बंद केलं. तेव्हापासून आम्ही खुंट ठेवत नाही. तुम्हाला मोजायला हवं तेच नेमकं ठेवायचं नाही."

"अहो मामा, पण झाड मुळासकट जातं ना!"

"ते आम्हाला कळत नाही होय?"

मामी आतून म्हणाली, "त्या दोन वर्षांत मी घरातलं जाळलं, पोरी. पाट, फळ्या. तुझं अभ्यासाचं टेबलसुद्धा." मला वाटायचं, ते कुणाला तरी देऊन टाकलं.

"अहवाल गेला ना?" मामा म्हणाले. "मग आता गप्प राहा." राग आला. त्यांचा, माझा, त्या जुन्या मोजणाऱ्याचा. न जेवताच निघाले.

१ फेब्रुवारी
साहेबांना फोन. फुटव्यांचं सांगितलं, खड्ड्यांचं सांगितलं. "खुंट दिसतात हो. तुमचे बुजलेले खड्डे कोण दाखवणार? सोमवारी बैठक आहे. चौकोनागणिक आकडा द्या, नाहीतर आहे तेच कायम."

म्हणजे खालच्या गावाला कुंपण. सुतारणीचे दांडे बंद. सगळं माझ्या सहीनं!

२ फेब्रुवारी
दिवसभर वरच्या जंगलात काठीनं पाचोळा उकरला. अकरा खड्डे सापडले, त्यातले चार बहुतेक नुसतेच खळगे. गावातलं एक माणूस फिरकलं नाही. बायका लांबून बघून निघून जात होत्या. उद्या रविवार. एका दिवसात वीस चौकोन मला एकटीला होणार नाहीत. रडू आलं, रडले.

३ फेब्रुवारी
सकाळी पहिल्या चौकोनात मामा आधीच उभे. हातात पहार. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पहार पाचोळ्यात खुपसायची, "हा एक," आणि पुढे. "हा मी काढला. हा शेजाऱ्यानं. हा तुझ्या मामीनं." संध्याकाळपर्यंत दोनशे तीन झाले. फॉर्मवर शेवटी एक रकाना आहे, 'माहिती कोणी दिली'. मी लिहिलं – माझ्या सख्ख्या मामांनी.