तोंडातली गोळी

१४ ऑगस्ट १६४१, मोंफाल किल्ला

किल्लेदार रेनो गेले. सकाळी फ्रेंचांचा गोळा उत्तर बुरुजावर बसला आणि तटाचा दगड त्यांच्या छातीवर आला. दुपारपर्यंत धुगधुगी होती. मला जवळ बोलावलं, किल्ली मुठीत कोंबली आणि शपथ वदवून घेतली : कोठारात बंदुकीच्या दारूचं एक पिंप जरी शिल्लक असलं, तरी किल्ला द्यायचा नाही. दिला, तर देणाऱ्याची मान ड्यूक उतरवणार. ड्यूकच्या लॉरेन मुलखातला प्रत्येक किल्लेदार हीच शपथ घेतो.

मी नुसता निशाणबरदार! काल दुपारी तटावर बसून टोपीचं पीस सरळ करत होतो. आज किल्लेदार — हाताखाली तीस माणसं आणि भिंतीत मोठी भेग. हवालदार बास्तियाँ म्हणाला, एलॉफ, आता तरी तोंड आवर. बघू.

१५ ऑगस्ट

मेरीमातेचा सण. फ्रेंचांनी सणालाही तोफा थांबवल्या नाहीत. भेगेचं खिंडार झालं, बैलगाडी आत येईल एवढं. मग आले — शंभरेक असतील. आम्ही तलवारीवर घेतले. माझ्या डाव्या हातात निशाण, उजव्यात तलवार. एक उंच कॅप्टन थेट निशाणावरच झेपावला. आधी त्याची टोपी उडवली, मग कानाचा तुकडा. मागे हटताना ओरडला, पुन्हा भेटू. म्हटलं, ये की, टोपी न्यायला ये.

झकास टोपी आहे. निळं पीस. दिवसभर घालून फिरतोय. आमचे चार जखमी, मेलं कोणी नाही.

१६ ऑगस्ट

दारू संपली. शिसंही संपलं. चर्चच्या खिडक्यांतलं, स्वयंपाकघरातल्या ताटल्यांचं, सगळं वितळवून झालं. खायला अंगणातल्या झाडाचे पिवळे आलुबुखार. सकाळ-संध्याकाळ तेच. पोटं बिघडलीत सगळ्यांची.

म्हणजे शपथ फिटली. एकही पिंप उरलं नाही. पण गुडघे टेकून बाहेर पडायचं? छे.

१७ ऑगस्ट

दूत आला. आणि कोण? तोच कॅप्टन, कानाला पट्टी बांधून! त्यांच्या सरदार मोंब्रेलचा निरोप घेऊन आला होता. जीव मिळेल, पण बोडक्या डोक्याने निघायचं, ढोल वाजवायचा नाही, निशाण त्याच्या पायाशी ठेवायचं. नाहीतर उद्या हल्ला, आणि हल्ल्यात घेतलेल्या किल्ल्यात कुणाला जीवदान नाही. तो नियम काय, सगळ्यांनाच ठाऊक आहे.

मी खिंडारात दारूच्या पिंपावर बसलो होतो. मागे आणखी दहा पिंपं रचलेली, झाकणं घट्ट. तोंडात पेटलेली चिलीम. ठिणग्या पडत होत्या. त्याचा चेहरा पांढराफटक.

"ते पिंप..." एवढंच बोलला.

"बसा ना," म्हटलं. "एक झुरका घ्या. मोंब्रेलसाहेबांना सांगा, हल्ला करायचा तर अवश्य करा. आपण सगळे एकदमच वर जाऊ."

बसला नाही. जाताना तिरक्या नजरेने स्वतःच्या टोपीकडे बघत गेला. सगळ्या पिंपांत वाळू होती. दारू आहे असं मी एकदाही म्हणालो नाही. त्याने विचारलंच नाही!

१८ ऑगस्ट

मोंब्रेल मानला. संपूर्ण मानाने बाहेर पडायचं — ढोल वाजत, निशाण फडकत, बंदूक डागायची वात दोन्ही टोकांना पेटलेली आणि प्रत्येकाच्या तोंडात शिशाची गोळी. अजून लढू शकतो, असा त्याचा अर्थ. अकरा पिंपंही गाडीतून न्यायची, आमची म्हणून. आणि पुन्हा ड्यूकसाठी लढायची मोकळीक.

खाली एक कलम आहे : यात पुढे कधीही कपट निघालं, तर हा मान रद्द. निशाण परत द्यायचं, आणि माणसं फ्रेंचांच्या कैदेत. सही केली.

१९ ऑगस्ट

तोंडात ठेवायला गोळी एक नाही! बास्तियाँने आलुबुखाराच्या बिया आणल्या, धुऊन, चाटून स्वच्छ केलेल्या. एकेकाच्या गालात एकेक. "गिळू नका रे," म्हणाला, "झाड उगवेल."

निघालो. दोन्ही बाजूंना फ्रेंच, रांगा धरून. ढोलवाल्याने असा हात चालवला की घोडे बिचकले. सगळ्यांचे गाल फुगलेले, छाती त्याहून. मोंब्रेलने टोपी काढली. म्हातारा माणूस, डोळ्यांत पाणी. मीही टोपी काढून झुलवली — त्याच्याच कॅप्टनची. तो कॅप्टनही हसला. आयुष्यात एवढा ताठ मी कधी चाललो नव्हतो.

२१ ऑगस्ट

मोझेल नदी ओलांडली. वाळू नदीत ओतली, पिंपं फोडून त्यांच्यावर डुक्कर भाजलं. सगळे नाचले. मी माझी बी खिशात ठेवली.

२८ ऑगस्ट, ड्यूकची छावणी

मला अटक! तलवार काढून घेतली.

मोंब्रेलने ड्यूकला पत्र लिहिलं. माझं तोंड भरून कौतुक. अशी शूर माणसं पाहिली नाहीत, लिहितो. अकरा पिंपं दारू नि तोंडात गोळी असताना, खिंडारात लढण्याची पूर्ण ताकद असताना, केवळ जखमींच्या जिवासाठी किल्ला सोडला. भला माणूस. त्याच्या भलेपणाने माझ्या मानेवर कुऱ्हाड आणून ठेवली. अकरा पिंपं असताना किल्ला दिला — शपथ मोडली!

३० ऑगस्ट

बास्तियाँ भेटायला आला. म्हणतो, सांगून टाक, वाळू होती. आम्ही तिघंचौघं साक्ष देतो.

म्हटलं, मग कपट निघालं. कलम वाच. निशाण परत जाणार आणि तुम्ही तीसही जण फ्रेंचांच्या कैदेत. त्यातले निम्मे तिथल्या तापानेच मरतात, तूच सांगितलं होतंस.

"मग तू मरणार?" म्हणाला. रडत होता, शिव्याही देत होता. मी त्याला शपथ घातली, कुणी तोंड उघडायचं नाही. शेवटी त्याने होकार दिला. राग आला मला, स्वतःचाच. त्या पिंपावर बसून केवढी मजा आली होती! आणि भीती वाटते, हे कुणाला सांगणार. या पानाला सांगतो. वही बास्तियाँकडे जाईल, तो जाळेल.

पण निशाण इथे छावणीत उभं आहे. खिडकीतून दिसतं.

१ सप्टेंबर

न्यायसभेत एकच प्रश्न विचारला. मी बी गालात ठेवून उभा होतो.

"कोठारात दारू होती का?"

"होती," म्हटलं. "अकरा पिंपं."