भुईरिंगणीचा धूर आणि चोपड्याची परात

धुळे,
ता. ९ एप्रिल १९८९

ती. स्व. देवचंदमामा यांस,

पंडितचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालायला सध्या घरात जागा भरपूर आहे. तुमची भाची कला माहेरी पिंपळनेरला जाऊन बसली आहे आणि इकडे मी, स्टोव्ह आणि रॉकेलचा डबा एवढेच उरलो आहोत.) तुमच्या गुडघ्यांचं कसं काय? चोपड्याला ऊन आमच्यापेक्षा काकणभर जास्तच, तेव्हा भर दुपारी केळीत फेऱ्या मारू नका, पाणी द्यायला माणसं आहेत. तानुमामींना नमस्कार सांगा. त्यांनी धाडलेले लाडू मी एकट्यानेच संपवले, कारण वाटेकरीच कोणी नव्हतं. यावरून माझी अवस्था ध्यानात यावी.

आता प्रकरण तुमच्या कानावर आलंच असेल, पण ते तुमच्या बहिणीच्या, म्हणजे आमच्या सासूबाई शेवंताबाईंच्या तोंडून आलं असेल, तेव्हा माझीही बाजू एकदा ऐका. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि पीएच.डी.साठी भुईरिंगणीचा अभ्यास करतो, हे तुम्ही जाणताच. (लग्नात तुम्ही पाहुण्यांना ‘जावई गवतावर मोठं संशोधन करतात’ असं सांगितलं होतं, ते मी मनावर घेतलेलं नाही.) ही रिंगणी जमिनीला चिकटून पसरते. फूल जांभळं, मधे पिवळं, इतकं देखणं की हात पुढे जातोच, आणि हात गेला की काटा. पानांना काटे, देठांना काटे, फुलाच्या बुडाशीसुद्धा काटे. नमुने वर्तमानपत्रात दाबून वाळवायचे असतात, तर हिने माझ्याकडच्या सगळ्या अग्रलेखांची चाळण करून टाकली. साक्रीच्या माळावर नमुना उपटताना तोल जाऊन मी तिच्यावर बसलो होतो, पण तो भाग प्रबंधात येणार नाही. वैद्य खोकल्या-दम्याला हिचा काढा देतात, दशमुळांत हिचं मूळ असतं, आणि आपल्या खेड्यांत दाढ दुखली की हिच्या बियांचा धूर देतात. आमचे गाईड सर म्हणाले, धुराकडे लक्ष द्या, त्यावर मला फारसं काही वाचायला मिळालेलं नाही. आणि धूर देण्यात अख्ख्या पिंपळनेरमध्ये सासूबाईंचा हात धरणारं कोणी नाही. मला वाटलं, आपलं नशीब उघडलं. कला म्हणाली होती की आईच्या वाटेला जाऊ नका, पण तेव्हा माझ्या अंगात शास्त्र संचारलं होतं.

धुराची रीत अशी. खापर लालबुंद तापवून, पाणी भरलेल्या परातीत विटेवर ठेवायचं. त्यावर तेलात घोळलेल्या बिया टाकायच्या आणि बुडाला भोक पाडलेलं मडकं वर उपडं घालायचं. भोकात पपईच्या पानाचा पोकळ देठ. रोग्याने डोक्यावरून गोधडी घेऊन तो देठ दुखऱ्या दाढेशी धरायचा. आत बिया तडतडतात, बाहेर रोगी खोकतो, डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, आणि मग गोधडी काढून मडकं उचललं की पाण्यावर बारीक, पांढरे, वळलेले किडे तरंगताना दिसतात. ते पाहूनच रोग्याला निम्मं बरं वाटतं. जाडजूड किडा निघाला तर सासूबाई शेजारणींना हाका मारून दाखवतात. मी त्यातले थोडे किडे डबीत घालून धुळ्याला आणले आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरले. मामा, ते किडे नव्हेत. बी तापून फुटलं की त्याच्या पोटातला वळलेला कोंब उडून पाण्यात पडतो, तोच हा. हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की प्रयोगशाळेत मी एकटाच टाळ्या वाजवत बसलो.

इथे गप्प बसलो असतो तर आज गरम भाकर खात असतो. पण गाईड सर म्हणाले, दात नसलेल्या माणसावर करून बघा, म्हणजे पक्कं होईल. सासूबाईंच्या शेजारी लोटनआबा राहतात. त्यांच्या तोंडात औषधालाही दात नाही. बाजाराचा दिवस पाहून ओट्यावरच घाट घातला. सासूबाईंनी जावयासाठी मोठ्या कौतुकाने खापर तापवलं. (त्यांना वाटलं की माझा अभ्यास म्हणजे त्यांचा सत्कारच आहे.) आबांना धूर दिला, मडकं उचललं, तर किडे नेहमीपेक्षा जास्त. मी गर्दीकडे वळून विचारलं, आता तुम्हीच सांगा, दातच नाहीत तर किडे आले कुठून? आबांनी तोंड पुसलं आणि शांतपणे म्हणाले, “दात पडी गयात, पन किडा तठेच ऱ्हायनात.” बठ्ठा गाव, थोरापासून पोरापर्यंत, माना डोलावू लागला. दात गेल्यापासून बिचारे उपाशी अडकून पडले असतील, म्हणून एवढे निघाले, असं एकमताने ठरलं. आबा तर आता हिरड्यांनी शेंगदाणे चावतो म्हणून गावभर सांगत फिरतात.

मग माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, आता माणूसच नको. खापर, बिया, मडकं, परात आणि पाणी एवढंच मांडलं, ना कोणाचं तोंड ना कोणाची दाढ. मडकं उचललं, तर किडे तरंगताहेत. अख्खा ओटा परातीवर वाकला. एवढं लक्ष माझ्याकडे वर्गात कधी कोणी दिलेलं नाही. मला वाटलं, पटलं एकदाचं. तेवढ्यात मागून शेजारची भिकुबाई म्हणाली, “मंग परातच किडेल शे.” झालं, कीड दाढेतून निघून परातीला लागली.

आता ती परात कोणती, हे मी तुम्हाला सांगायला नको. बहिणीच्या लग्नात तुम्हीच दिलेली ती चोपड्याची पितळी परात, काठावर तुमच्या वडिलांचं नाव कोरलेली. पिंपळनेरमध्ये लग्न कोणाचंही असो, कणीक भिजते ती त्या परातीत, आणि मागायला येणाऱ्याला आधी सासूबाईंचं माहेर साग्रसंगीत ऐकून घ्यावं लागतं. प्रयोगाच्याच संध्याकाळी, बोभाटा होण्याआधी, गावातल्या रुपचंदच्या पोरीच्या हळदीला नेलेली ती परात दुसऱ्याच दिवशी परत आली, राखेने घासलेली, वर कडुलिंबाचा पाला ठेवलेली, आणि आणणारा माणूस पाणीसुद्धा न घेता गेला. तेव्हापासून तिला कोणी विचारत नाही. सासूबाई मला धुळ्याची वाट दाखवत एवढंच म्हणाल्या, “जावाईबापू, तुमनं कॉलेज धुयामा ऱ्हाऊ द्या,” आणि खापर माळ्यावर टाकून दिलं. कलाने माझं सगळं म्हणणं ऐकून घेतलं, तुमचं बरोबर आहे म्हणाली, आणि परतीच्या एसटीत चढलीच नाही. आईची मान खाली गेली ती तुमच्यामुळे, ती वर येईल तेव्हा मी येईन, असं तिने खिडकीतून सांगितलं. (मी खिडकीच्या आत होतो.)

त्यानंतर कंडक्टर मगनच्या हाती माफीची अट आली आहे. मी बाजाराच्या दिवशी त्याच ओट्यावर गोधडीखाली बसून धूर घ्यायचा, ‘किडे परातीचे नव्हेत, दाढेचे आहेत’ असं सगळ्यांसमोर म्हणायचं, आणि तीच परात धुऊन तिच्यात जेवायचं. मामा, यातलं पहिलं अर्धं वाक्य मी आनंदाने म्हणेन, जेवायलाही माझी ना नाही. पण दुसरं अर्धं वाक्य माझ्या तोंडून निघायचं नाही. ज्याने कोंब डोळ्यांनी पाहिला, त्याने त्याला किडा कसा म्हणावं? उद्या कोणत्या तोंडाने शिकवू? तेव्हा तुम्हीच बहिणीची समजूत काढा, थोरल्या भावाचा शब्द ती खाली पडू देत नाही. मला मुळीच करमत नाही. संध्याकाळी भाजी निवडता निवडता कला मला आज वर्गात काय झालं ते विचारायची आणि मी मेथीचं शास्त्रीय नाव सांगितलं की हसायची. आता मी मेथीच आणत नाही. त्यात आखाजीचा सण तोंडावर आला. आखाजीला लेकी माहेरीच असतात, एकदा झाडाला झोके बांधले गेले की ती जूनपर्यंत काही हलत नाही. मी तत्त्वाचा माणूस आहे, वाट बघेन, पण तत्त्वाला धरूनच बघेन.

घरातल्या थोरांना नमस्कार, पोरांना आशीर्वाद, आणि तुमच्या केळीला वादळवारा न लागो.

तुमचा,
पंडित

ता. क. समजूत काढायच्या भानगडीत पडू नका, त्यात फार दिवस जातील. त्यापेक्षा येत्या बाजाराला सरळ पिंपळनेरला या आणि ओट्यावर मला दरडावून गोधडीखाली बसायला सांगा. मी नाही म्हणेन. पुन्हा सांगा, मी पुन्हा नाही म्हणेन. मग दंडाला धरून बसवा, म्हणजे वडीलधाऱ्यांपुढे इलाज चालला नाही असं मला गाईड सरांना सांगता येईल. वाक्य पूर्ण म्हणतो, दोन्ही अर्धी. वरण-बट्टी करायला सांगा, त्याच परातीत कालवून तुम्ही आणि मी बरोबरच जेवू. तुमच्या वडिलांचं नाव माझ्यामुळे कडुलिंबाखाली गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणखी ता. क. येत्या बाजाराला म्हणजे येत्याच, पुढच्या नव्हे. उजवीकडची खालची दाढ सोमवारपासून ठणकते आहे. लवंग झाली, मीठपाणी झालं, दातांच्या डॉक्टरांच्या दारापर्यंत गेलो आणि आतला आवाज ऐकून परत आलो. कोंब आहे हे मला ठाऊक आहे, पण धुराने ठणका थांबतो का, हे तपासायचं अजून राहिलंच आहे, आणि तेही शास्त्रच आहे. सासूबाईंना दाढेचं खुशाल सांगा, त्या खापर लगेच उतरवतील. कलाला मात्र सांगू नका, तिला फक्त न्यायला येतोय असं सांगा. दाढ नसती तरी आलो असतो, फार तर आखाजीनंतर.