साडेबारा मिलिमीटरचे आसन

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
मध्यवर्ती अभिलेख कक्ष, तळमजला.

विषय : नष्ट करावयाच्या फाइलीत पडलेले लढाऊ विमानाचे आसन परत मिळणेबाबत.
संदर्भ : १) माझा अर्ज, दि. २६ सप्टेंबर.
२) आपण पाठवलेली खुर्ची, दि. १ ऑक्टोबर.

महोदय,

१. मी याच इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरील मापन प्रयोगशाळेत गेली बावीस वर्षे वजने-मापे तपासतो आणि फावल्या वेळात जुन्या लढाऊ विमानांच्या छोट्या प्रतिकृती जोडतो. प्लास्टिकचे सुटे भाग, गोंद आणि चिमटा एवढ्यावर हे काम चालते. माझे वय त्रेपन्न असल्याने त्यास मी छंद म्हणतो. घरी इतर शब्द वापरले जातात.

२. दि. २४ सप्टेंबर रोजी मधल्या सुट्टीत वैमानिकाचे आसन चिमट्यातून निसटून उडाले. माझ्या एकोणीस विमानांपैकी प्रत्यक्ष हवेत गेलेला हा एकमेव भाग होय. खडूने फरशीवर चौकोन आखून मी प्रत्येक चौकोन तपासला, केराची टोपली चाळणीने चाळली. निष्कर्ष नकारात्मक. टेबलावर त्या वेळी ‘कालबाह्य तपासणी दाखले’ ही फाइल उघडी होती. शोध सुरू करण्यापूर्वीच मी ती स्वहस्ते बांधून, ‘फाइलीत जतन करण्याजोगे काहीही नाही’ असा शेरा मारून आपल्याकडे रवाना केली होती. तो शेरा मी या अर्जाद्वारे मागे घेत आहे. आसन फाइलीत असण्याची शक्यता मी सत्तर टक्के धरतो. उरलेले तीस टक्के माझ्या पँटच्या दुमडीचे होते. ती उलटी करून झटकली आहे.

३. पहिल्या अर्जातील चूक सर्वस्वी माझी आहे. प्रतिकृती जोडणाऱ्यांना मापे खऱ्या विमानाची सांगण्याची खोड असते. त्यानुसार मी ‘आसन, एक नग, रंग करडा, हात नाहीत, उंची ९० सेंमी’ असे लिहिले. प्रतिकृती बहात्तराव्या हिश्शाची असल्याने वस्तूची प्रत्यक्ष उंची साडेबारा मिलिमीटर आहे, हे लिहायचे राहिले. पाचव्या दिवशी आपले अभिलेखपाल एक करडी खुर्ची स्वतः उचलून दोन जिने चढून आले. “साहेब, हीच ना? फाइलीत नव्हती, फाइलींच्या मागं सापडली. एक पाय जरा डुगडुगतो, बाकी ठणठणीत आहे.” त्यांचा घाम पाहून मी पोच दिली. खुर्ची ८८.६ सेंमी भरली. हा अर्ज तिच्यावरच बसून लिहीत आहे. पत्नीचा अभिप्राय असा : “जगाची मापं तपासता, आणि स्वतःचं एक माप धड लिहिता येईना तुम्हाला!” यात मला खोडण्याजोगे काही आढळले नाही. या वेळी आसनाचे रेखाचित्र मिलिमीटरमध्ये जोडले आहे.

४. नवे आसन का घेत नाही, असा प्रश्न उद्भवेल. या विमानाचा संच आता निघत नाही. पुठ्ठ्याचे आसन करून पाहिले, ते वडिलांनी नाकारले. वडील याच जातीच्या विमानांचे एकतीस वर्षे मेकॅनिक होते. आता त्यांना जवळजवळ दिसत नाही; प्रत्येक भाग ते बोटाने तपासून पास करतात. हे विमान हाती घेण्यापूर्वी आमचे दैनंदिन संभाषण ‘जेवलात का?’ आणि ‘हो’ एवढेच होते. आता कोणता स्क्रू कशाने झिजतो, हे ते तासभर सांगतात. पुठ्ठ्याचे आसन चाचपून ते म्हणाले, “हे कुणी केलं? यावर बसवून वर पाठवणार होय त्याला?” मी म्हणालो, “बाबा, वरची काच चिकटवल्यावर आत कुणाला दिसणार आहे?” त्यावर ते म्हणाले, “मला आत्ताही दिसत नाहीये. म्हणून काय झालं?” पुठ्ठ्याचे आसन मी बाद केले.

५. सदर फाइल शुक्रवार, दि. ११ रोजी लगद्यासाठी जाणार आहे. वडील रविवारी माझ्या बहिणीकडे कायमचे राहायला जाणार आहेत. तिचे घर इथून दोन दिवसांच्या प्रवासाचे आहे. तरी फाइल नष्ट करणे थांबवून शनिवारपूर्वी तिचा शोध घ्यावा, ही विनंती. भिंग आणि पांढरा कागद घेऊन मी स्वतः येण्यास तयार आहे.

६. येथपर्यंतचा मजकूर काल लिहिला. आज सकाळी वडिलांनी बहिणीला फोनवर सांगितले, “सीट सापडेपर्यंत मी हलत नाही. अर्धवट विमान टाकून जायची सवय नाही मला.” फोनमधून बहिणीचा आवाज मलाही ऐकू आला : “अहो बाबा, ऑफिसच्या फाइलीत हरवलंय ते! वर्ष लागेल!” वडील म्हणाले, “लागू दे.”

प्रयोगवहीत लिहिलेले खोडायचे नसते, म्हणून वरील परिच्छेद तसेच ठेवून विनंतीत पुढील सुधारणा करतो. फाइल नष्ट करणे आजच्या आज थांबवावे. शोध मात्र आपल्या कक्षाच्या प्रचलित पद्धतीने, आवक क्रमानुसार, यथावकाश घ्यावा. माझ्यासाठी कोणाचीही रांग मोडू नये. भिंग घेऊन येण्याचा प्रस्ताव मागे घेत आहे. आपल्या कक्षाच्या संथ कारभाराविषयी मी गेल्या वर्षी दोन लेखी तक्रारी केल्या होत्या. त्यांवर कृपया कोणतीही कार्यवाही करू नये.

आपला नम्र व मुळीच घाई नसलेला,
(सही)
वरिष्ठ मापन वैज्ञानिक
दि. ९ ऑक्टोबर