विखुरलेली सहा भोकं

अण्णा, शहागंजातलं आपलं दुकान मीच चालवते. हत्यारं दुरुस्तीला येतात, आणि नवीन गिऱ्हाईक अजूनही आधी विचारतं, "मिस्त्री कुठंय?" मी म्हणते, "समोर बसलीय." मग त्याचं तोंड बघण्यासारखं होतं.

मागच्या महिन्यात उस्मानपुऱ्यातले एक निवृत्त मास्तर त्यांचं नेमबाजीचं रिव्हॉल्व्हर घेऊन आले. गोळ्या कागदभर विखुरत होत्या. "ताई, याच्यात काय दोष नाय. माझा हातच गेला. तुम्ही एकदा तसं सांगून टाका, म्हंजी मी बंद करतो." नेमबाजीचे चाळीस वर्षांचे रविवार माझ्या एका वाक्यावर ठेवून मास्तर निवांत चहा प्यायले. मी तुमच्याच क्रमानं गेले. नळीत साचलेलं शिसं काढलं, गोळ्यांचं चक्र ढिलं आहे का ते पाहिलं. नेम धरायच्या साईटला मात्र हात लावला नाही. शिकत असताना मी घाईनं तिचा स्क्रू फिरवला होता, तेव्हा तुम्ही केवढ्यांदा ओरडला होतात, "पसरलेल्या गोळ्यांना साईट फिरवत नसतेत! आधी एक कारण बघ, मंग दुसरं." मग रेंजवर वाळूच्या पिशवीवर हात टेकून मी सहा गोळ्या झाडल्या. सहाही एका बशीखाली झाकल्या जातील इतक्या जवळ. रिव्हॉल्व्हर ठणठणीत. म्हणजे आता मास्तरांना ते वाक्य सांगायचं, आणि माझ्या अगदी जिवावर आलं.

"एकदा तुम्ही झाडा," म्हटलं. मास्तर उभे राहतात, हात लांब करतात, आणि हात स्थिर आहे, अण्णा! हनुवटी तेवढी वर जाते, दर गोळीला कमीजास्त. डोळ्यांवर लांबच्या-जवळच्या जोडकाचेचा चष्मा. नळीच्या टोकावरची नेमाची माशी कोणत्या काचेतून बघावी, हेच त्यांचं ठरत नव्हतं. मी त्यांना एकाच नंबरचा चष्मा करायला लावला, हात लांब केल्यावर माशी स्वच्छ दिसेल एवढाच. परवा त्यांनी पुन्हा सहा गोळ्या झाडल्या. कागद हातात घेऊन म्हणाले, "व्हय की ओ, हात हाय अजून!" मला इतका आनंद झाला की परतताना सगळ्यांसाठी जिलबी घेतली.

घरी जिलबी वाढता वाढता मी थांबले. शेवटच्या वर्षांत रेंजवर तुमचीही हनुवटी अशीच वर जायची. मला ती ऐट वाटायची. मग एक दिवस "हात गेला" म्हणून तुम्ही रेंजवर जाणंच सोडलंत. तेव्हा तुमच्या नाकावर जोडकाचेचाच चष्मा होता, माझ्या पहिल्या पगाराचा. तुम्ही तो अख्ख्या शहागंजाला दाखवत फिरला होतात. "लेकीनं घेतला. पेपर लई झ्याक दिसतो."

तुम्ही गेल्यावर हे पत्र पाठवायला ठिकाण उरलं नाही, म्हणून एक कबूल करून टाकते. दुसऱ्यांच्या हत्याराचा बारीकसा दोष हुडकणाऱ्या तुम्हाला, दोष चष्म्याचा आहे हे समजलं नसेल, असं मला वाटत नाही. तुम्हाला समजलं होतं आणि तरी तुम्ही तो चष्मा उतरवला नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलंय. वाईट वाटायला हवं होतं, अण्णा, पण परवापासून मी नुसती खुशीत आहे.