बाबांनी शिवलेली काजं

प्रिय बारक्या,

तुझा आजचाही निरोप मिळाला. उगवत्या सूर्याचं चित्र आणि खाली, ‘रोजच्या साध्या गोष्टींत देवाची कृपा शोध, ताई.’ शोधते हो. आधी मला तुझ्या भावोजींचा एखादा उघडणारा शर्ट शोधू दे.

झटका आल्यापासून बाबांची वाचा बंद आहे आणि उजवा हात लुळा, हे तुला माहीतच आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुसऱ्या हाताला सवयीचं काही काम द्या. जन्मभर शिंपीकाम केलेल्या माणसाला सवयीचं काम कोणतं असणार? मीच हौसेने सुई-दोरा आणि बटणांचा डबा त्यांच्यापुढे ठेवला. तेव्हापासून ते डाव्या हाताने घरातल्या शर्टांना बटणं लावत सुटलेत, आणि तीही काजासकट! शर्टाच्या दोन्ही बाजू एकत्र धरायच्या आणि आरपार टाके घालायचे. गळ्यापासून खालपर्यंत शर्ट कायमचा बंद. परवा ऑफिसला निघताना भावोजींनी तसाच एक डोक्यातून घातला आणि मध्येच अडकले. दोन्ही हात वर, डोकं आत, आणि आतून मला हाका. तुला हसू येईल. मलाही आलं असतं, पण तेवढ्यात दूध उतू गेलं.

संध्याकाळी मी छोट्या कात्रीने टाके उसवत बसते, दुसऱ्या दिवशी बाबा ते पुन्हा घालतात. कपाटाला कुलूप लावून पाहिलं, तर कपाटासमोर खुर्ची टाकून बसले. देवाला सांगून मी थकले रे. त्यांना एक शब्द बोलू दे, एवढंच मागत होते. तो ढिम्म.

आणि तू तिकडून कृपा पाठवतोस! राग येतो मला तुझा. सुट्टी मिळत नाही, हे कारण दुसऱ्या कुणाला सांग. दुकानातली मशीन विकून टाका म्हणालास, बाबा भडकले, ‘पुन्हा तोंड दाखवू नकोस’ म्हणाले, आणि त्याच आठवड्यात त्यांची वाचा गेली. तुझ्यासाठी त्यांच्या तोंडचे शेवटचे शब्द तेच, असं धरून बसलायस ना? तुझी समजूत काढावी असं खूपदा वाटलं. पण बाबांच्या मनातलं मी कुठून सांगणार?

काल घरातले धड शर्ट संपले. माळ्यावरून तुझा जुना निळ्या चौकड्यांचा काढून बाबांच्या हातात दिला. दुपारपर्यंत त्याचीही काजं बंद. उसवताना एक बटण तुटून हातात आलं, म्हणून तेच लावायला घेतलं. वैताग एवढा होता की बोटात दोनदा सुई टोचली. बाबा समोर बसून बघत होते. एकदम त्यांनी खुर्चीच्या हातावर डावा हात आपटला आणि घशातून आवाज काढला, ‘दुहेरी!’ मी दोरा एकेरी घेतला होता ना. इतक्या महिन्यांनी पहिला शब्द, तोही खेकसून. त्या खेकसण्याला मी लहानपणापासून विटलेय, तुला ठाऊक आहे. काल तिथेच फरशीवर बसून रडले. कृपा म्हणतात ती हीच असेल, तर तिला बोलायची काही रीतभात नाही, एवढं नक्की.

हे पत्रात लिहितेय, कारण फोनवर मला धड बोलता येणार नाही. दोरा दुहेरी करून मी बटण लावलं आणि शर्ट त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी बराच वेळ कॉलर चाचपली. मग हळूच म्हणाले, ‘बारक्या.’ आणि दाराकडे बघत, ‘कुठाय?’ मी सांगून टाकलं, निघालाय. तेव्हापासून शर्ट मांडीवर घेऊन ते दारासमोर बसलेत. सुईला हातही लावलेला नाही. मला खोटं पाडू नकोस.

तुझीच,
वैतागलेली ताई